पाऊस, पेव आणि पत : मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीचा एक हिशेब



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर किंवा दख्खनी आणि मराठीच्या ऋणानुबंधावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी आज शेतीच्या जमाखर्चाविषयी बोलणार आहे. सिकंदराबादेत बसून मराठवाड्याच्या शेतीची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याने आपल्या नळाच्या पाण्याचा उगम शोधावा. या शहराने अनेक वर्षे मांजरेचे पाणी प्यायले. ही नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, धाराशिव-लातूरच्या शिवारांतून बिदरकडे येते, पुढे सिंगूरच्या आणि निजामसागराच्या धरणांत अडते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. आपल्यापैकी अनेकांची घराणी रेल्वे, लष्करी कचेऱ्या किंवा व्यापार यांच्या निमित्ताने याच नदीच्या वाटेने इकडे आली. कित्येकांच्या नावावर तिकडे अद्याप चार-दोन एकर जमीन आहे. या जमिनीचा प्रश्न मी शेवटी काढणारच आहे.

आरंभी एका शब्दाविषयी. ‘दुष्काळ’ या शब्दात पावसाचा उल्लेखच नाही. तो नुसता वाईट काळ. पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण, तो अवेळी पडणे म्हणजे अवकाळी. आणि या दोहोंमुळे माणसाच्या पोटावर जे संकट येते ते दुष्काळ. आपल्या भाषेने निसर्गाची घटना आणि तिचा आर्थिक परिणाम यांत हा जो भेद केला आहे तो फार मार्मिक आहे. आज हवामानबदलाची चर्चा करणारे पुष्कळ लोक हा भेद विसरतात. जणू मिलिमीटर मोजले की शेतकऱ्याचे नुकसान कळले!

दख्खनच्या पठारावर पाऊस कधीच विश्वासू नव्हता. १३९६ पासून बारा वर्षे चाललेला म्हणून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ, मंगळवेढ्याची सरकारी कोठारे उघडणाऱ्या दामाजीपंतांची बिदरच्या बादशाहीशी जोडलेली कथा, १६३०-३२ चा तो महाभयंकर दुष्काळ, ज्यात तुकोबांची प्रथम पत्नी गेली, या साऱ्या स्मृती आपल्या परिचयाच्या आहेत. १६३० साली पावसाने पाठ फिरवली, तर दुसऱ्या वर्षी अतिवृष्टीने उरलेले पीक नेले. म्हणजे कोरड्यापाठोपाठ ओला, हा अनुक्रमदेखील नवा नाही. मग नवे काय आहे? माझ्या मते नवे दोन आहे. पहिले म्हणजे हवेचा स्वभाव पालटण्याचा वेग. आणि दुसरे, त्या पालटाला तोंड देण्याची शेतकऱ्याची जी जुनी व्यवस्था होती तिचा लोप. पहिल्याविषयी शास्त्रज्ञ बोलतात. दुसऱ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

ही जुनी व्यवस्था काय होती? मराठवाड्याची काळी, भारी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन ठेवते आणि थंडीत त्या ओलीवर शाळू पिकविते. त्यामुळे शेतकऱ्याजवळ दोन डाव असत. खरिपाने दगा दिला तर रब्बी. खरिपातही तो एका पिकावर विसंबत नसे. जवारीच्या तासांत तूर, मूग, उडीद, कडेला अंबाडी, क्वचित तीळ. मुगाला पाऊस मानवला नाही तर तुरीला मानवे. जवारीचे दाणे माणसाला आणि कडबा बैलाला. म्हणजे दाणा कमी भरला तरी जनावर जगे, आणि बैल जगला की पुढच्या मृगाची पेरणी निभावे. या पद्धतीत उत्पन्न बेताचे होते हे खरे. परंतु ती नफा वाढविण्यासाठी रचलेली नव्हती, बुडण्याचा धोका वाटून टाकण्यासाठी रचलेली होती.

आणि या व्यवस्थेचा कणा होता पेव. नव्या पिढीला हा शब्द केवळ ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारातून ठाऊक असेल. पेव म्हणजे कोरड्या, उंचवट्याच्या जागी खणलेले धान्याचे भुयार. आतून कडब्या-गवताचे अस्तर लावून त्यात जवारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून बंद करीत. उघडल्यावर आतली कोंडलेली हवा विषारी झालेली असे, म्हणून काही वेळ थांबल्याखेरीज कोणी आत उतरत नसे. सुकाळाच्या वर्षाने दुष्काळाच्या वर्षाला दिलेली ती ठेव होती. अर्थात सर्वांच्या दारी पेव नव्हते. ज्याच्या दारी होते त्याच्या दारी गावातली निम्मी माणसे सवाईने वा दिढीने धान्य उचलायला उभी राहत, आणि या व्यवहारात पिळवणूकही भरपूर होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच इरादा नाही. एवढेच सांगायचे आहे, की साठा गावात होता.

हा साठा गावाबाहेर जाऊ लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) आपल्या कापसाला अवाच्या सवा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. रोखीचा सारा, रोखीचे पीक आणि रोखीचे कर्ज अशी साखळी जुळली. तिची परिणती इंग्रजी मुलखात १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या सावकारविरोधी दंग्यांत झाली. लगेच पुढच्या वर्षी मोसमी पाऊस बुडाला. १८७६-७८ च्या त्या काळात चीनच्या उत्तर भागात आणि ब्राझीलमध्येही एकाच वेळी अवर्षण होते. पॅसिफिक महासागराच्या तापमानाशी, म्हणजे आज ज्याला आपण एल निनो म्हणतो त्याच्याशी, त्याचा संबंध होता हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. आगगाडी आली होती. वाडी ते सिकंदराबाद मार्ग १८७४ सालीच सुरू झाला होता. परंतु आगगाडी धान्य जिथे भूक आहे तिथे नेत नाही, जिथे भाव आहे तिथे नेते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने तर स्पष्टच नोंदविले, की पीक बुडाले की प्रथम मजुराचे काम बुडते आणि त्याबरोबर त्याची धान्य विकत घेण्याची शक्ती. म्हणजे दामाजीपंतांच्या कोठारात धान्य असूनही लोक भुकेले होते, त्या कथेचेच हे सरकारी भाषेतील रूप म्हणायचे!

निजामाच्या राज्यातील मराठी जिल्ह्यांना खरा तडाखा बसला तो १८९९-१९०० मध्ये. लागोपाठच्या दुष्काळांनी बीड जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत लक्षणीय घटलेली दिसते. याच दुष्काळानंतर वेधशाळांचे प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाचे भाकीत करण्यासाठी जगभरचे आकडे जमविले आणि दक्षिण गोलार्धातील वायुभाराच्या त्या प्रसिद्ध आंदोलनाचा शोध लावला. आपल्या शेतकऱ्याच्या उपासमारीतून जगाच्या हवामानशास्त्राचा एक पाया घातला गेला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती.

पुढील सत्तर वर्षे मी भराभर ओलांडतो. लेव्ही आली, पोलीस कारवाई झाली, १९५६ साली संस्थानाचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपण इथेच राहिलो. असो.

१९७२ हे वर्ष मात्र ओलांडून चालणार नाही. महाराष्ट्रात त्याआधीची दोन वर्षेही मोडकीच होती. तिसऱ्या वर्षी विहिरी कोरड्या पडल्या, कडब्यापायी जनावरे कवडीमोलाने विकली गेली, अमेरिकेची लाल मिलो भाकरीत आली. तथापि माणसे उपासमारीने सरसहा मेली नाहीत. १८९९ आणि १९७२ यांत पावसाची तूट तुलनेसारखी असेल, दुष्काळ तुलनेसारखा नव्हता. याचे श्रेय रोजगाराला आहे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना आकार घेत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या जवळपास माणसे खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या, पाझर तलावांच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर होती. त्यांत निम्म्याच्या आसपास बायका. १८८० च्या आयोगाला जे कळले होते ते अमलात यायला नव्वदहून अधिक वर्षे लागली. पुढे त्याचा कायदा होऊन तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून लागू झाला. याच १९७२ साली परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि आपल्या शेजारी पटणचेरूला कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, उभी राहिली. दुष्काळाच्या वर्षाची ही तीन अपत्ये.

येथवरच्या इतिहासात दुष्काळ म्हणजे पाणी नसणे. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मात्र शेताचा चेहरा पालटला आणि दुष्काळाचा अर्थही.

१९९० नंतर लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली या जिल्ह्यांत खरिपाची जवारी मागे पडून सोयाबीनचा पेरा वाढत गेला. शेतकऱ्याने हे खुळेपणाने केले नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर जवारीला गिऱ्हाईक उरले नाही; संकरित जवारी पावसात काळी पडे; सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत हाती येते आणि दिवाळीपूर्वी रोकड देते. लातूरची बाजारपेठ तर या पिकासाठी देशभर नावाजली. परंतु या फेरबदलात तीन गोष्टी हातच्या गेल्या. कडबा गेला, म्हणून बैल गेला, म्हणून पेरणीपासून मळणीपर्यंत सर्व काम भाड्याच्या यंत्राने व रोखीने करावे लागले. घरचे बियाणे पुष्कळांचे गेले, एकरी तीस किलोची पिशवी विकत घेणे आले. आणि पेवही गेले. सोयाबीन पेवात ठेवून कोणी खात नाही. पूर्वी शेतकऱ्याचा साठा जमिनीत होता, आता तो बँकेच्या, पतसंस्थेच्या किंवा अडत्याच्या वहीत आहे. आणि तो साठा नाही, कर्ज आहे.

अशा उघड्या पडलेल्या शेतावर हवामानाचा नवा पालट येऊन आदळला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पावसाची वार्षिक बेरीज तेवढीच राहून त्याचे वाटप बिघडू शकते. पंधरा-वीस दिवसांची उघडीप, मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. सोयाबीनला शेंगा भरताना, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात, पाऊस लागतो आणि काढणीला, सप्टेंबरअखेर, उघडीप लागते. नेमके उलटे होऊ लागले.

या पंधरा वर्षांची जंत्री पाहा. २०१२ च्या अवर्षणात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. हंगामी पीक बुडाले तर एका वर्षाचे उत्पन्न जाते. बाग वाळली तर दहा वर्षांचे भांडवल जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभा शाळू, हरभरा आणि द्राक्षे झोडपली. म्हणजे रब्बीचा तो दुसरा डावही गेला. त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास तूट पडली. २०१५ या एका वर्षात विभागातील एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्याच वर्षी सिंगूरचाही तळ उघडा पडला होता. पण आपल्या शहराला तोवर कृष्णेचे पाणी होते आणि गोदावरीचेही नुकतेच आले होते. एकाच नदीच्या काठावरची दोन गावे, एकाकडे दुसरी नदी विकत आणण्याची ऐपत होती. त्याच २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लातूरला पूर आला!

यापुढची गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक ऐकावी. २०१५ च्या दसरा-दिवाळीत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. ज्याच्या शेतात तूर उभीच राहिली नव्हती त्याला त्या भावाचा काय उपयोग? २०१६ ला पाऊस झाला, भावाकडे पाहून तुरीचा पेरा वाढला, पीक विक्रमी आले. तेव्हा क्विंटलला ५०५० रुपये हमीभाव असताना बाजारात चार हजारांच्याही खाली तूर गेली, आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागून बारदाना संपला. दुष्काळाने माल नाही म्हणून नुकसान, सुकाळाने भाव नाही म्हणून नुकसान. जुन्या हिशेबात सुकाळाचे वर्ष पेव भरून दुष्काळाच्या वर्षाची भरपाई करी. तो हिशेब येथे मोडला.

दुसरी साखळी याहून सूक्ष्म आहे. ऑक्टोबर २०१९ च्या परतीच्या पावसात काढणीला आलेले सोयाबीन भिजले. या बियाण्याचे साल नाजूक असते. भिजलेल्या दाण्याची उगवणशक्ती जाते. परिणामी जून २०२० मध्ये पेरलेले सोयाबीन ठिकठिकाणी उगवलेच नाही आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडला. एका हंगामाचा पाऊस पुढच्या हंगामाच्या खर्चात असा शिरतो. पंचनामा मात्र त्या-त्या हंगामापुरताच होतो.

२०१७-१८ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीने याचा सरासरी हिशेब मांडला. पावसाची मोठी तूट पडली तर कोरडवाहू भागात खरिपाचे उत्पन्न सुमारे १४.७ टक्क्यांनी घटते. आणि हवामानबदलामुळे पुढील काळात कोरडवाहू शेतीचे उत्पन्न २० ते २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकेल. हे आकडे सरासरीचे आहेत हे ध्यानात ठेवावे. शेतकरी सरासरीत जगत नाही. तीन एकरवाल्याचे उत्पन्न दरवर्षी वीस टक्क्यांनी घटत नाही. पाच वर्षांत एकदा ते शून्य होते, आणि त्या शून्याचे व्याज उरलेली चार वर्षे खाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये हे शून्य पुन्हा आले. मांजरा, सीना आणि त्यांना मिळणारे ओढे पात्राबाहेर गेले. धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर भागांत नुसते पीक नव्हे, काळी मातीच खरवडून गेली. मातीचे नुकसान कोणत्या पिकाच्या खात्यात घालायचे? राज्य सरकारने ३१ हजार कोटींहून अधिक रकमेची मदत जाहीर केली. रक्कम मोठी आहे. तथापि आपत्ती निवारणाच्या तेव्हाच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८५०० रुपये मिळत. राज्याने त्यात भर घातली तरी बियाणे, खत, फवारणी, नांगरट, काढणी यांची बेरीज मांडून पाहणाऱ्याला त्यातील अंतर कळेल.

पीकविम्याची रचनाही जुन्या हवामानाची आहे. ‘उंबरठा उत्पन्न’ काढताना गेल्या सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी धरतात आणि तिचा ठराविक हिस्सा घेतात. सातांपैकी दोनच वर्षे वाईट असतील तर हे न्याय्य आहे. चार वाईट असतील, तर सरासरी खालावते, उंबरठा खालावतो आणि पाचव्या वाईट वर्षी भरपाईच देय होत नाही. नुकसान नित्याचे झाले की विम्याच्या दृष्टीने ते नुकसानच राहत नाही! महाराष्ट्राची एक रुपयात विम्याची योजना गैरप्रकारांमुळे २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. त्या हंगामात भरपाई पीककापणी प्रयोगांवरच ठेवण्यात आली आणि काढणीनंतर शेतात पडलेल्या मालाच्या नुकसानीचे कलम गळाले. अतिवृष्टी आली ती नेमकी त्याच हंगामात.

आता सातबाऱ्याचा प्रश्न. मदत असो वा विमा, पैसा सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जातो. आणि मराठवाड्यातील पुष्कळ जमीन आज बटईने किंवा ठोक्याने कसली जाते. करार तोंडी असतो. तो लेखी का होत नाही याचे उत्तर याच शहरात १९५० साली झालेल्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यात आहे. कुळाला संरक्षण देण्याच्या उदात्त हेतूने झालेल्या त्या कायद्याचा धाक जमीनमालकांच्या मनात असा बसला, की तिसऱ्या पिढीतही कोणी कागदावर बटईदाराचे नाव येऊ देत नाही. म्हणजे बियाण्याचे कर्ज बटईदाराच्या डोक्यावर, भिजलेला माल त्याच्या खळ्यावर, आणि नुकसानभरपाई सिकंदराबादेच्या बँकेत. या सभागृहात अशी खाती असलेली मंडळी असतील. मी त्यांना दोष देत नाही, कारण कायद्याने पैसा त्यांचाच आहे. परंतु ज्याचे पीक गेले त्याचा आकडा सरकारच्या कोणत्याही तक्त्यात नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. १८७६ च्या कागदपत्रांतूनही कूळ असेच गायब आहे.

तो बटईदार मात्र आपल्याला भेटतो. मुखेड, देगलूर, अहमदपूरकडची माणसे आपल्या शहरात इमारतींच्या पायाड्यांवर दिसतात. बीडकडची माणसे कोयता घेऊन उसाच्या पट्ट्यात जातात, इकडची हैदराबादेस येतात. त्यांची मराठी ऐकली की ओळख पटते.

उपायांविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. एक उदाहरण तेवढे सांगतो. काळ्या जमिनीत रुंद वरंबा व सरी पाडून पेरण्याची पद्धत पटणचेरूला १९७० च्या दशकात विकसित झाली. उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते, अतिवृष्टी झाली तर सरीतून पाणी वाहून जाते. दोन्ही प्रकारच्या दुष्काळांवर हे एकच साधन, आणि आज परभणीचे विद्यापीठ सोयाबीनसाठी त्याची शिफारस करते. मधे चाळीस वर्षे गेली. कारण वरंबा पाडणारे यंत्र ज्याने घ्यायचे त्याला ते घेण्यासाठी पत नव्हती, आणि बटईदाराने दुसऱ्याच्या जमिनीत ते का करावे? जवारीचेही तसेच. २०२५-२६ साठी संकरित जवारीचा हमीभाव ३६९९ रुपये होता, सोयाबीनचा ५३२८. बाजारात सोयाबीन हमीभावाखाली विकले गेले तरी शेतकरी त्याच्याकडेच वळतो, कारण जवारी घ्यायला खरेदी केंद्र सहसा उघडतच नाही. कडबा, बैल, ओल, पेव यांची किंमत या दोन आकड्यांत कोठेही धरलेली नाही.